रिकामं मशीन, परकी बाई

एकवीस वर्षांच्या संसारानंतर कुओ तेशेंगने बायकोला घटस्फोट द्यायचं ठरवलं, ते निव्वळ कायद्याच्या भीतीने. भांडण म्हणाल तर नव्हतं. दुसरी बाई म्हणाल तर त्याला तेवढी उसंत कुठली? सकाळी दहा ते संध्याकाळी सात हा माणूस ह्वाछ्यांगपेइच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, दुसऱ्या मजल्यावर, चार हात लांबीच्या काचेच्या काउंटरमागे बसलेला; आणि त्याच काउंटरमागे, त्याच्या कोपराला कोपर लावून, त्याची बायको मेइच्वान.

धंदा खेळायच्या मशीनचा. तळहातावर मावेल एवढं मशीन, वर पडदा, खाली बटणं, आणि आत तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेम. लहानपणी ज्यांना आईबापांनी हे गेम खेळू दिले नाहीत, ते लोक आता टक्कल पडल्यावर येऊन मशीन घेऊन जायचे. नवराबायकोंनी काम वाटून घेतलं होतं. तेशेंग मशीन जोडायचा, बटणं बसवायचा, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायचा. मेइच्वान मेमरी कार्डात गेम भरायची. भरायची म्हणजे नुसती ओतायची नाही. दहा हजारांतला एकेक गेम स्वतः खेळून, अडकणारे, अर्ध्यावर बंद पडणारे आणि मूर्खासारखे असलेले काढून टाकून तिने तीन हजार निवडले होते. अख्ख्या मजल्यावर तिच्या कार्डाला नाव होतं. तेशेंगने मात्र अकरा वर्षांत एकही गेम खेळलेला नव्हता. हलवाई कधी पेढे खातो का, असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

मग एके दिवशी तपासणी खात्याने खालच्या मजल्यावरच्या एका दुकानदाराचा माल उचलून नेला, आणि आठवड्याच्या आत त्याचा गाळाही गेला. गेम भरलेली मशीनं विकत होता, एवढाच गुन्हा. इमारतीच्या व्यवस्थापकाने लगेच जिन्यात नोटीस डकवली, की दुसऱ्याच्या मालकीचे गेम भरून विकेल त्याचा गाळा काढून घेण्यात येईल. तेशेंगच्या तोंडचं पाणी पळालं. तो गाळा मिळवायला त्याने सात वर्षं दुसऱ्याच्या दुकानात सोल्डरचे डाग दिले होते, आणि गाळा गेला तर या वयात कोण दारात उभं करणार?

अशा वेळी माणसाने वकिलाकडे जावं. तेशेंग मेहुण्याकडे गेला.

मेहुणा म्हणजे मेइच्वानचा थोरला भाऊ, श्वे पाओलुंग. सगळे त्याला दादा म्हणत. दादाने नऊ वर्षं एका वकिलाची गाडी चालवली होती, आणि मागच्या सीटवर जे जे बोलणं झालं ते सगळं आपल्या कानात साठलंय, असा त्याचा पक्का समज होता. आमच्या बाजारात उंटावरचे शहाणे पुष्कळ, पण दादाचा उंट सगळ्यांत उंच. तो आला, स्टुलावर बसला, तेशेंगने चटकन पाणी उकळून चहा केला, आणि तीन कप पोटात गेल्यावर दादाने कायदा उलगडला.

"मशीन विकणं हा गुन्हा नाही," दादा म्हणाला. "त्यातलं एम्युलेटर, म्हणजे ते जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, तोही गुन्हा नाही. कुणीतरी स्वतःच्या डोक्याने लिहिलंय ते. गुन्हा गेममध्ये आहे, कारण गेम दुसऱ्याचे. तेव्हा तू रिकामं मशीन विक. कार्ड दुसऱ्या कुणीतरी विकावं."

"दुसरं कोण?"

"मेइच्वान."

"दादा, ती माझी बायको आहे."

"तिथेच तर घोडं पेंड खातं," दादा म्हणाला. "कायद्यापुढे नवराबायको एकच. तिचं कार्ड ते तुझं कार्ड. तेव्हा कागदावर वेगळे व्हा. लोक घरांवरची मर्यादा चुकवून दुसरं घर घ्यायला घटस्फोट घेतात, तुम्ही गाळा वाचवायला घ्या. वर्षभराने पुन्हा लग्न लावू. मेजवानी माझ्याकडून."

मेइच्वान शेजारीच कार्ड भरत बसली होती. तिने मान वर न करता एकच विचारलं, की उद्या धाड पडली तर मग आपण एकटीच सापडणार का? दादा म्हणाला, एकटीच, पण गाळा वाचतो ना! तेशेंगला हे इतकं पटलं की त्याने दादाला चौथा कप भरला. बायकोचं तोंड पाहायचं राहूनच गेलं.

तर दोघं विवाह नोंदणीच्या कचेरीत गेली. कारणाच्या रकान्यात दादाने सांगितल्याप्रमाणे 'स्वभाव जुळत नाहीत' असं लिहिलं. आता आमच्याकडे घटस्फोट मागितला की लगेच मिळत नाही. सरकार म्हणतं, आधी तीस दिवस डोकं थंड करा. मग दोघांनी पुन्हा जोडीने यायचं, सही करायची, दाखला न्यायचा. दोघांपैकी एकाने जरी सही केली नाही तरी अर्ज बाद. मुलगी क्वांगचौला कॉलेजात होती, तिला फोनवर कळवलं की घाबरू नकोस, घटस्फोट खोटा आहे. ती म्हणाली, "बरं. मग खरं लग्न कधी करताय?" तेशेंग खूप हसला. मेइच्वानने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून परकेपणाची तालीम सुरू झाली. काउंटरच्या मधोमध पिवळी चिकटपट्टी मारली. डावीकडे मेइच्वानची कार्डं, उजवीकडे तेशेंगची रिकामी मशीनं. घरून निघायचं वेगवेगळं, तिने मेट्रोने, त्याने विजेच्या स्कूटरवरून. दुकानात त्याने तिला 'बाई' म्हणायचं, तिने त्याला 'शेठ'. दोन फुटांवर बसलेल्या बायकोला "बाई, तुमची खुर्ची जरा सरकवता का?" असं तेशेंग म्हणाला, तेव्हा पलीकडच्या काउंटरवर सोल्डरची टोकं विकणाऱ्या तांग आजींना ठसका लागला.

गिऱ्हाइकाचे तर हालच. छंगतूहून आलेला एक धिप्पाड माणूस मशीन उलटसुलट करून म्हणाला, हे तर रिकामं आहे, मग यात खेळायचं काय? तेशेंगने छताकडे पाहिलं.

"ते मला ठाऊक नाही शेठ. मी फक्त मशीन विकतो. पण माणसाला मान डावीकडे वळवता येते, एवढं सांगतो."

त्या माणसाने मान वळवली. मेइच्वानने कार्ड दिलं. मग त्याने मेइच्वानला विचारलं की हे कार्ड त्या मशीनला चालेल ना? मेइच्वान म्हणाली, त्या शेठना विचारा, आमची ओळख नाही. तेशेंग म्हणाला, त्या बाईंना विचारा. बिचारा चार वेळा डावीउजवीकडे मान फिरवून मान धरून गेला.

पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात तेशेंगला काहीतरी टोचायला लागलं. मेइच्वानला हे काम फारच चांगलं जमत होतं. गिऱ्हाईक आता थेट तिच्याशी बोलायचे. कुठला गेम कुठे अवघड, कुठल्या भिंतीमागे गुप्त दार, हे ती सांगायची आणि पन्नाशीचे बाप्ये पोरांसारखे खिदळायचे. तिला इतकं सगळं येतं हे तेशेंगला ठाऊकच नव्हतं. कुणी विचारलं की शेजारचे शेठ कसे आहेत, तर ती म्हणायची, "ओळख नाही. पण दिसतात तेवढे वाईट नसावेत."

तिसऱ्या आठवड्यात तांग आजी एक फोटो घेऊन आल्या. शानथौचा एक विधुर, शिजवलेल्या हंसाच्या मांसाचं स्वतःचं दुकान, दात सगळे शाबूत. "अर्ज केलाच आहेस तर पाहून ठेवायला काय हरकत?" आजी मेइच्वानला म्हणाल्या, पण डोळे तेशेंगवर. म्हातारी पक्की. थट्टाच होती, पण मेइच्वानने तो फोटो हातात घेतला आणि चांगला निरखून पाहिला. एका बटणाचा स्क्रू फिरवताना तेशेंगने तो उलटा फिरवला.

त्या रात्री जेवताना त्याने विचारलं, काय इतकं पाहत होतीस? मेइच्वान म्हणाली, दुकानातल्या गोष्टी घरी काढायच्या नाहीत असं दादाने सांगितलंय. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात विचारलं, तर म्हणाली, परक्या माणसाने असले प्रश्न विचारू नयेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बोलणार कुणाला? योजनेला होकार त्याचाच.

सव्विसाव्या दिवशी तपासणी खात्याची माणसं आली. एक वेंगसाहेब म्हणून पन्नाशीचे, सोबत एक तरुण बाई, हातात फाइल. तेशेंग घाबरला, पण तो चाओशानचा माणूस. आमच्याकडे दारात वाघ आला तरी आधी पाणी उकळत ठेवतात. त्याने स्टुलं पुढे केली, ट्रे ओढला, कप गरम पाण्याने खंगाळले. कप तीनच. माणसं दोन असोत की दहा, आमच्या चहाला कप तीनच, ते फिरत राहतात. पहिल्या फेरीला एक वेंगसाहेबांना, एक तरुण बाईंना, तिसरा खोकं घेऊन आलेल्या हमालाला. दुसऱ्या फेरीला साहेब, बाई आणि तांग आजी. तिसऱ्या फेरीला साहेब, बाई आणि लिफ्ट दुरुस्त करायला आलेला एक माणूस, जो नुसता जिन्याची वाट विचारत होता.

वेंगसाहेबांनी मशीन पाहिलं, चालू केलं, रिकामं आहे याची खात्री केली आणि म्हणाले, ठीक आहे, यात काही वावगं नाही. तेशेंगच्या जिवात जीव आला. मग साहेबांनी चिकटपट्टीपलीकडे बोट केलं.

"या बाई कोण?"

"ओळख नाही साहेब," तेशेंग म्हणाला. "नव्याच आल्यात. कार्डं विकतात म्हणे. माझा त्यांचा काही संबंध नाही."

साहेबांनी कप खाली ठेवला आणि तेशेंगकडे असं पाहिलं, जसं मास्तर नापास पोराकडे पाहतो.

"मीही चाओशानचाच आहे," ते म्हणाले. "तुम्ही हमालाला चहा दिलात. लिफ्टवाल्याला दिलात. इथून कुत्रं गेलं असतं तर त्यालाही दिला असतात. या बाई दोन फुटांवर बसल्यात, तीन फेऱ्या झाल्या, त्यांना एक कप नाही. आणि त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसत नाही. आपल्याकडे असं एकाच माणसाशी वागतात. किती वर्षं झाली लग्नाला?"

तांग आजींनी तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला. उत्तर मेइच्वानने दिलं.

"एकवीस," ती म्हणाली.

मग काय, सगळा उलगडा झाला. चिकटपट्टी, अर्ज, दादा, सगळं. तरुण बाईंनी फाइलमागे तोंड लपवलं, खांदे हलत होते. वेंगसाहेब हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की रिकामं मशीन विका, एम्युलेटर विका, कुणी अडवणार नाही. स्वतः विकत घेतलेल्या गेमची घरी एक प्रत करून ठेवलीत तर तिथेही कुणी येणार नाही. पण दुसऱ्याचे गेम उतरवून विकणं हा गुन्हा, मग ते नवरा विको, बायको विको नाहीतर सासू. कायदा कार्ड पाहतो, कुंकू पाहत नाही. आणि एकमेकांकडे बोटं दाखवून एकाच काउंटरवर विकत असाल तर घटस्फोट झालेलीही दोघं सापडतातच. कार्डं सगळी जप्त झाली. पहिलीच वेळ म्हणून लेखी ताकीद आणि दंड. तरुण बाईंनी ताकीद कुणाच्या नावाने लिहू असं विचारलं. मेइच्वान म्हणाली, माझ्या, कार्डं मी भरली. तेशेंगने ट्रेवरचे कप गोळा केले. पण गाळा वाचला.

साहेब गेल्यावर तेशेंगने पहिली गोष्ट केली ती म्हणजे चिकटपट्टी ओरबाडून काढली. "चला, सुटलो!" तो म्हणाला. "फुकटचा उपद्व्याप. आता कशाला तो घटस्फोट, सोमवारी तीस दिवस भरतायत, तेव्हा जायलाच नको, अर्ज आपोआप बाद होईल."

मेइच्वान रिकामे खण पुसत होती.

"मी जाणार आहे," ती म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तेशेंग घाबरला. त्याने दादाला फोन लावला. दादा म्हणाला, वकिलांनी हा मुद्दा नेमका बोगद्यातून जाताना सांगितला असावा, आवाज नीट आला नव्हता. तेशेंगने आयुष्यात पहिल्यांदा मेहुण्याला शिवी दिली. त्याने काही आराम पडला नाही.

त्याला सरळ उपाय दिसत होता. आपण गेलोच नाही तर अर्ज बाद. तो रविवारी रात्रभर याच विचारात होता, की घरी बसायचं, पांघरूण ओढून. पण सकाळी मेइच्वान निळा ब्लाऊज घालून, केस नीट बांधून निघाली, आणि घरात एकटं बसणं त्याला त्या कचेरीपेक्षा भयंकर वाटलं. तो स्कूटर काढून तिच्या मागोमाग गेला. अनोळखी माणसासारखा नव्हे, पाठलाग करणाऱ्या माणसासारखा.

कचेरीत नंबर लागला. खिडकीपलीकडे उत्तरेकडची एक तरुण मुलगी होती, दिवसाला असली तीस जोडपी पाहणारी. तिने न पाहताच विचारलं, "दोघांच्या मर्जीने?"

"यांना विचारा," मेइच्वान म्हणाली.

"माझी मर्जी नाही," तेशेंग म्हणाला. "कधीच नव्हती. ते गाळ्यासाठी होतं. मला ही हवी आहे. गाळा गेला असता तरी चाललं असतं, हे मला नंतर कळलं. सव्विसाव्या दिवशी."

मुलीने वर पाहिलं. मग मेइच्वानकडे वळून तिने विचारलं की तुमचं काय म्हणणं, अर्जात तर स्वभाव जुळत नाहीत एवढंच लिहिलंय.

"स्वभावाचं काही नाही," मेइच्वान म्हणाली. "एकवीस वर्षं हा माणूस जगाला चहा पाजतो. मी म्हणायचे, जाऊ दे, बायकोला कोण चहा देतं, आपण घरच्या. मग यानेच सांगितलं की आजपासून तू परकी. मला वाटलं, बायको म्हणून नाही मिळाला, आता परकी म्हणून तरी मिळेल. सव्वीस दिवस वाट पाहिली मी. रोज वाटायचं, आज देईल. लिफ्टवाल्याला मिळाला, हो." तिचा आवाज तिथे जरासा फाटला. "साहेबांना वाटलं मला काही वाटत नाही. मला फार वाटत होतं."

तेशेंगला आठवेना की या बाईला शेवटचा कप आपण कधी दिला. आठवायचा प्रयत्न केला तसं कळलं, की आठवण्यासारखं काही नव्हतंच. लाज वाटली त्याला, सरळ लाज, कानाच्या पाळ्या तापण्याइतकी. तो उठला. मेइच्वानला वाटलं, निघून चालला. खिडकीतली मुलगी म्हणाली, अहो, सही राहिली.

तो कोपऱ्यातल्या पाण्याच्या मशीनकडे गेला होता. तिथे चहा नव्हता, पत्ती नव्हती, कागदी कप तेवढे होते. त्याने एक कप गरम पाण्याने खंगाळला, ते पाणी टाकायला जागा नव्हती म्हणून स्वतः प्यायला आणि तोंड पोळून घेतलं. मग पुन्हा भरला. कागदी कप इतका तापला की धरवेना, पण त्याने तो दोन्ही हातांत धरून, रांगेतल्या लोकांमधून, एकेक पाऊल टाकत आणला आणि मेइच्वानच्या पुढ्यात ठेवला. थोडं पाणी अर्जावर सांडलं.

"नुसतं पाणीच आहे," तो म्हणाला. "घ्या."

आमच्याकडे कुणी चहा दिला की घेणाऱ्याने दोन बोटं टेबलावर टेकवायची. म्हणजे पोचला, मान मिळाला. तोंडाने काही बोलावं लागत नाही. मेइच्वानने उजव्या हाताची दोन बोटं खिडकीच्या फळीवर दोनदा टेकवली.

उत्तरेकडच्या मुलीला यातलं काही कळलं नाही. ती म्हणाली, मागे रांग आहे, सही करताय की नाही ते एकदाचं सांगा.

"आधी पिऊ दे," मेइच्वान म्हणाली. आणि ती तो कप इतक्या सावकाश प्यायली, की शेवटी मुलीने तो ओला अर्ज बाजूला सारला आणि पुढचा नंबर पुकारला.